सॅच्युरेशन ८४ दिसतंय, ऑक्सिजन किती लावू?

मेडिकल वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या एका स्टाफ नर्सचा हा प्रश्न. साठीच्या पुढचे, जुन्या सीओपीडीचे (श्वासनलिका कायमच्या आकसून धाप लागण्याचा फुफ्फुसाचा आजार) रुग्ण रात्री धाप लागली म्हणून भरती होतात. ऑक्सिमीटर ८४ दाखवतो, म्हणजे सॅच्युरेशन (ऑक्सिजनने भरलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) ८४ टक्के. एक सीनियर म्हणते, मास्क लाव आणि १० लिटर सोड. दुसरी म्हणते, सीओपीडीला २ लिटरच्या वर जायचंच नाही. मग खरं कोणाचं, आणि डॉक्टर येईपर्यंत व त्यानंतर रात्रभर नर्सने नेमकं काय बघायचं?

दोघींचंही अर्धंच बरोबर आहे, कारण दोघी लिटर आधी ठरवतायत. आधी सॅच्युरेशनचं लक्ष्य ठरतं आणि ते गाठायला लागेल तेवढा फ्लो दिला जातो. सीओपीडीच्या रुग्णासाठी लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. न्यूमोनिया, दमा, हार्ट फेल्युअर अशा, कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका नसलेल्या रुग्णांसाठी ९४ ते ९८. ऑक्सिजन हे औषध आहे, तेव्हा त्याची ऑर्डर केसपेपरवर अशी हवी: साधन कोणतं, किती लिटरने सुरुवात, लक्ष्य किती. नुसतं ‘ऑक्सिजन लावा’ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांकडून लक्ष्य लिहून घ्या. इमर्जन्सीत मात्र सहीसाठी थांबू नका. ऑक्सिजन सुरू करा आणि लगेच कळवा.

सीओपीडीत जास्त ऑक्सिजन का नडतो, हे नीट समजलं की पाठांतराची गरज उरत नाही. आपल्याकडे शिकवताना ‘हायपॉक्सिक ड्राइव्ह (ऑक्सिजन कमी असल्याने श्वासाला मिळणारी चालना) जातो आणि श्वास बंद पडतो’ एवढंच सांगतात. तो भाग आहे, पण लहान. मोठं कारण फुफ्फुसाच्या आत असतं. ज्या वायुकोशांत हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीराने आवळून ठेवलेल्या असतात, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळतं. भरमसाट ऑक्सिजन दिला की त्या आवळलेल्या वाहिन्या सैल होतात. रक्त पुन्हा खराब भागातून फिरून येतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परततं. शिवाय हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की त्याची कार्बन डायऑक्साइड धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि तो रक्तात सुटतो. त्यामुळे श्वास बंद पडण्याची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो. त्याच्या बराच आधी रुग्ण पेंगायला लागतो.

पण म्हणून ऑक्सिजन द्यायला घाबरायचं नाही. ७० सॅच्युरेशनवर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, कार्बन डायऑक्साइड वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. रुग्ण निळा पडलाय, शुद्ध हरपतेय, बीपी लागत नाही, तर सीओपीडी असो वा नसो, रिझर्व्हॉयर बॅगचा मास्क लावून १५ लिटर सोडा आणि डॉक्टरांना बोलवा. तो सावरला की फ्लो उतरवून ८८ ते ९२ वर आणा. ‘२ लिटरच्या वर जायचंच नाही’ या नियमापायी ऑक्सिजनवाचून तळमळणारा रुग्ण तसाच ठेवणं, हे जास्त ऑक्सिजन देण्याइतकंच चुकीचं आहे.

आता क्रमाने येऊ. रुग्ण कॉटवर आला की ऑक्सिमीटर शोधण्याआधी त्याला बसवा. सीओपीडीचा माणूस आडवा झाला की पोटातले अवयव छातीखालच्या पडद्याला (डायफ्रॅमला) वर रेटतात आणि आधीच फुगलेल्या छातीला हलायला जागा उरत नाही. बॅकरेस्ट ४५ ते ६० अंशांवर घ्या. जुन्या लोखंडी कॉटवर रुग्ण दहा मिनिटांत घसरत पायथ्याशी जातो, मान पुढे मोडते आणि पोट दाबलं जातं. म्हणून गुडघ्यांखाली उशी द्या. त्यानेही भागत नसेल तर कॉटच्या कडेला पाय सोडून बसवा, पायांखाली स्टूल, समोर कार्डियाक टेबल (कॉटवर सरकवायचं टेबल) आणि त्यावर दोन उश्या. रुग्ण हात टेकून पुढे झुकला की खांदे स्थिर होतात आणि मानेचे स्नायू श्वासाच्या कामी येतात. कार्डियाक टेबल नसेल तर मांडीवर उशी ठेवून कोपरं टेकवू द्या. ईसीजी काढायला म्हणून अशा माणसाला सपाट झोपवू नका, बसल्या बसल्या निघतो. फक्त कागदावर ‘बसून काढला’ असं लिहा.

मग श्वास मोजा, घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद. वॉर्डाच्या चार्टवर ज्याच्या त्याच्या नावापुढे रेस्पिरेशन २० लिहिलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण रुग्ण बिघडतोय हे बहुतेक वेळा सगळ्यात आधी श्वासाचा वेगच सांगतो, सॅच्युरेशन बऱ्याचदा मागाहून पडतं. मनगट हातात धरून नाडी बघतोय असं भासवत श्वास मोजा. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस तो नकळत बदलतो. मोजताना बाकीचंही बघा: मानेचे स्नायू ताणले जातायत का, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जातेय का, ओठ मिटून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडतायत का, पूर्ण वाक्य बोलता येतंय की दोन शब्दांनंतर थांबावं लागतंय. ‘आजोबा, रात्री काय जेवलात?’ एवढं विचारलं की शेवटच्या गोष्टीचं उत्तर मिळतं आणि शुद्धही तपासून होते.

ऑक्सिमीटरच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी त्यावरचा पल्स रेट आणि तुम्ही हाताने मोजलेली नाडी जुळते का पाहा. जुळत नसेल तर सॅच्युरेशनचा आकडाही खोटा धरायचा. हात गार पडले असतील तर चोळून गरम करा किंवा कानाच्या पाळीला लावायचा प्रोब घ्या. बोटाचा प्रोब कानाला अडकवू नका, त्याचा आकडा भरवशाचा नसतो. नेलपॉलिश पुसा. गडद काळ्या मेंदीचं बोट टाळा. बीपीचा कफ ज्या हाताला आहे त्या हाताला प्रोब नको, कफ फुगला की आकडा गायब होतो. आणि दोन ठिकाणी ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवूनही फसवतो. पहिलं, रक्त कमी असताना: हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईचं सॅच्युरेशन ९८ असू शकतं, कारण जेवढं हिमोग्लोबिन आहे ते भरलेलं आहे, पण मुळात तेच कमी आहे. दुसरं, बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने किंवा शेगडीने कार्बन मोनॉक्साइड चढलेलं असताना. तिथे साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडलाही ऑक्सिजनच समजतो. असा रुग्ण आला तर ९९ बघून निश्चिंत होऊ नका.

साधन निवडताना वॉर्डात जी चूक सर्रास होते ती ही: सीओपीडी आहे म्हणून २ लिटर, आणि दम जास्त आहे म्हणून मास्क. म्हणजे साध्या फेस मास्कमधून २ लिटर. हे कधीच करायचं नाही. साध्या मास्कला किमान ५ लिटर फ्लो लागतो. त्याखाली रुग्णाने सोडलेली हवा मास्कमध्येच साचते आणि तीच तो परत ओढतो. ज्याचा कार्बन डायऑक्साइड वाढू नये म्हणून आपण धडपडतोय, त्यालाच तो पुन्हा पाजायचा, असला हा प्रकार. कमी फ्लो द्यायचा असेल तर नेझल कॅन्युला (नाकात लावायची दोन टोकांची नळी) वापरा.

नेझल कॅन्युला १ ते ६ लिटरपर्यंत चालते. १ लिटरला साधारण २४ टक्के, २ ला २८, ३ ला ३२, असा दर लिटरमागे चारेक टक्क्यांचा अंदाज पुस्तकांत असतो. तो अंदाजच समजा. रुग्ण मिनिटाला ३४ श्वास घेत असेल तर तो भरपूर साधी हवाही ओढतो आणि ऑक्सिजन पातळ होतो. सुरुवात १ किंवा २ लिटरने करा, पाच मिनिटं थांबा, आकडा बघा, गरज असेल तर एका लिटरने वाढवा. प्रॉन्ग्जचा (नाकात जाणाऱ्या टोकांचा) बाक नाकात आत आणि खाली वळलेला हवा, उलटी लावलेली कॅन्युला वॉर्डात रोज दिसते. तोंडाने श्वास घेणाऱ्याला कॅन्युलाचा उपयोग नाही, हा समज चुकीचा आहे. नाक चोंदलेलं नसेल तर बऱ्यापैकी उपयोग होतो.

व्हेंचुरी मास्क मिळाला तर सीओपीडीसाठी तो सर्वांत चांगला, कारण त्यातली टक्केवारी रुग्णाच्या श्वासावर फारशी अवलंबून राहत नाही. मास्कला जोडायचा रंगीत तुकडा म्हणजे जेट: निळा जेट २४ टक्के, पांढरा २८, पिवळा ३५, लाल ४०, हिरवा ६०. पण कंपनीगणिक रंग बदलू शकतात, म्हणून जेटवर छापलेली टक्केवारी आणि लिटर वाचूनच फ्लो लावा: बहुधा निळ्याला २ आणि पांढऱ्याला ४ लिटर असतो. श्वासाचा वेग ३० च्या वर असेल तर छापलेल्यापेक्षा निम्म्याने जास्त फ्लो द्या, म्हणजे ४ च्या जागी ६. टक्केवारी तीच राहते, फक्त रुग्णाला पुरेल इतकी हवा मिळते. जेटच्या बाजूच्या खिडक्या चादरीखाली किंवा शालीखाली झाकल्या जाणार नाहीत हे पाहा. त्या झाकल्या की बाहेरची हवा मिसळत नाही आणि २४ टक्क्यांचा मास्क २४ टक्क्यांचा राहत नाही.

रिझर्व्हॉयर बॅगच्या मास्कबद्दल एवढंच: १० ते १५ लिटर, लावण्याआधी आतल्या व्हॉल्व्हवर बोट दाबून बॅग पूर्ण फुगवा, आणि श्वास घेताना ती पूर्ण चिपकत असेल तर फ्लो वाढवा.

आता फ्लोमीटर. गोळीचा असेल तर गोळीच्या मध्यावर वाचायचं, डोळे गोळीच्या रेषेत आणून. उभ्याने वरून पाहिलं तर आकडा चुकतो. ह्युमिडिफायर बाटलीत निर्जंतुक पाणी भरा, खुणांच्या मध्ये, निम्म्यापेक्षा थोडं वर. नळाचं पाणी नको, सलाइन नको. पाणी रोज पूर्ण बदला, उरलेल्यात भर घालू नका. कॅन्युलावर ४ लिटरपेक्षा कमी फ्लो असेल तर बाटली नसली तरी चालते. आणि ती लावलीच असेल तर तिच्या झाकणाकडे बघा. झाकण तिरपं बसलं की वायू कडेने निसटतो, फ्लोमीटर ४ दाखवतो आणि रुग्णाच्या नाकाशी काहीच पोहोचत नाही. पाण्यातले बुडबुडे बघून फसू नका, गळती असतानाही ते येत राहतात. नळीचं टोक क्षणभर दाबून धरा. बाटली नीट बसलेली असेल तर बुडबुडे थांबतात किंवा सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी वाजते. दाबूनही फिस्स आवाज बाटलीच्या तोंडाशी येत असेल तर गळती तिथेच आहे. ऑक्सिजन लावूनही सॅच्युरेशन हलत नसेल तर फ्लो वाढवण्याआधी नाकापासून भिंतीपर्यंत पूर्ण नळी हाताने चाचपा. ती कॉटच्या चाकाखाली सापडते, रेलिंगमध्ये चिमटलेली असते, कधी कनेक्टरपाशी सुटलेली असते.

पाइपलाइन नसलेल्या वॉर्डात सिलिंडरचा हिशोब नर्सला तोंडपाठ हवा. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता १० लिटर, भरलेल्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन. जम्बो म्हणजे डी टाइप ४६.७ लिटरचा, भरलेल्यात सुमारे ७००० लिटर. भरलेल्याचा दाब साधारण १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. उरलेला ऑक्सिजन काढायचा तर गेजवरचा किलोचा आकडा गुणिले पाण्याची क्षमता. बी टाइपवर ६० दिसतंय: ६० गुणिले १० म्हणजे ६०० लिटर. रुग्ण ४ लिटरवर असेल तर १५० मिनिटं. त्यातला पाव भाग राखीव धरा आणि पावणेदोन तासांत दुसरा सिलिंडर शेजारी उभा हवा असं गृहीत धरा. जम्बोवर १०० दिसत असेल तर ४६७० लिटर: २ लिटरवर दीड दिवसाहून जास्त, पण १० लिटरवर आठ तासही नाही. गेज पीएसआयमध्ये असेल तर आकड्याला १४ ने भागा. रुग्णाला एक्स-रे किंवा सीटीला नेताना हा हिशोब ट्रॉली हलण्याआधी करा. लिफ्टची आणि रांगेची वेळ धरून जेवढं लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट न्या.

सिलिंडर बदलताना क्रम पाळा. वॉर्डबॉय मामा सिलिंडर घेऊन आले की आधी रंग आणि लेबल बघा, ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांदे पांढरे. तो साखळीने बांधा. व्हॉल्व्हचं तोंड माणसांपासून दूर वळवून चावीने क्षणभर उघडून बंद करा, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाते. मग वॉशर जागेवर आहे का पाहून रेग्युलेटर बसवा, फ्लोचा नॉब बंद ठेवा, मेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही या सांध्याला लागता कामा नये. सॅनिटायझर लावून ओल्या हाताने व्हॉल्व्हला हात लावू नका. गळतीची शंका आली तर साबणाच्या पाण्याचा फेस लावून बघा, काडेपेटी घेऊन नव्हे. जुना सिलिंडर काढून नवा बसेपर्यंत रुग्णाला ऑक्सिजन कुठून मिळणार, हे आधी ठरलेलं हवं. पाइपलाइन असलेल्या वॉर्डानेही बेसावध राहू नये. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठ्याचा दाब पडला आणि २२ रुग्ण त्या दिवशी गेले. म्हणून प्रत्येक वॉर्डात एक भरलेला बी टाइप, रेग्युलेटर लावलेला, आणि चावी त्याच्या मानेला दोरीने बांधलेली. चावी इनचार्जच्या कपाटात असेल तर सिलिंडर असून नसल्यासारखा. ड्युटी घेताना ड्रगट्रॉलीबरोबर त्याचं गेजही बघा.

कॉन्सन्ट्रेटर वापरत असाल तर तो ५ लिटरचा की १० चा हे बघा. पाचवाल्यातून जास्त खेचायला गेलात तर लिटर वाढतात आणि शुद्धता उतरते. रिझर्व्हॉयर मास्क त्यावर लावू नका. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, मागची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवा.

नेब्युलायझेशनमध्ये (औषधाचा बारीक फवारा श्वासातून देणं, थोडक्यात नेब) एक मुद्दा फार वेळा राहून जातो. सीओपीडीच्या रुग्णाला नेब शक्यतो हवेच्या कॉम्प्रेसरवर द्या आणि ऑक्सिजन नाकातल्या कॅन्युलातून चालू ठेवा. ऑक्सिजनवर नेब चालवायला ६ ते ८ लिटर लागतात, म्हणजे रात्रभर सांभाळलेलं लक्ष्य दर चार तासांनी आपणच मोडतो. कॉम्प्रेसर नसेलच तर ऑक्सिजनवर द्या, पण ६ मिनिटांत आटपा आणि संपल्या संपल्या मूळ साधन, मूळ फ्लो परत लावा. नेब संपून मास्कमधून नुसता ८ लिटर ऑक्सिजन तासभर वाहत राहिलाय, हे दृश्य दुर्मीळ नाही.

डोस ऑर्डरप्रमाणे. साधारणतः साल्ब्युटॅमॉल २.५ ते ५ मिलिग्रॅम, इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम. चेंबरमध्ये एकूण ४ मिलिलिटरच्या आसपास द्रव हवा. २ मिलिलिटर टाकलं तर अर्धं चेंबरच्या भिंतींनाच चिकटून राहतं. रुग्ण बसलेला, चेंबर उभा. इप्राट्रोपियमचा फवारा डोळ्यांत गेला तर काचबिंदू असलेल्याला त्रास होतो, त्यांना माउथपीस द्या. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरायला लावा आणि चेहरा पुसा. नेबच्या आधी आणि नंतर नाडी मोजा. साल्ब्युटॅमॉलने हात थरथरतात आणि नाडी वाढते, ते अपेक्षित आहे, पण १३० च्या वर गेली किंवा अनियमित झाली तर पुढचा डोस डॉक्टरांना विचारून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीओपीडीचा रुग्ण रात्री दोन वाजता बेचैन होतो, मास्क ओढून काढतो, उठून बसतो, बडबडतो. नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टर, झोपेची गोळी द्या ना, त्यांना झोपच नाही.’ ही गोळी देऊ नका. अल्प्राझोलम असो, डायझेपाम असो, श्वासाचं केंद्र मंदावतं. बेचैनी म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय असं समजून आधी नळी, फ्लो आणि सॅच्युरेशन तपासा. याच्या उलट चित्र जास्त घातक: मघापर्यंत धापणारा माणूस अचानक शांत झाला, डोळे मिटून पडला, सॅच्युरेशन ९७, नातेवाईक खूश. हात धरून बघा. गरम, घामेजलेले, नाडी ठणठणीत भरलेली. दोन्ही हात पुढे करून मनगटं मागे वळवायला सांगा, पंजे फडफडतात. सकाळपासून डोकं दुखतंय असंही सांगितलेलं असतं. हा कार्बन डायऑक्साइड चढलाय.

इथे घाबरून ऑक्सिजन पूर्ण काढू नका. शरीरात साचलेला कार्बन डायऑक्साइड लगेच जात नाही, ऑक्सिजन मात्र मिनिटांत संपतो आणि सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली कोसळतं. १ किंवा २ लिटर कॅन्युलावर किंवा २४ ते २८ टक्के व्हेंचुरीवर आणा, रुग्णाला बसवा, हाका मारून जागं ठेवा, डॉक्टरांना बोलवा आणि एबीजीची (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) तयारी ठेवा.

फोनवर बोलताना ‘सर, पेशंट सीरियस आहे’ म्हटल्याने पलीकडे काही कळत नाही. असं सांगा: ‘सर, मेल मेडिकलमधून बोलतेय, बेड १२. सीओपीडीचे काका, संध्याकाळी भरती. आत्ता २ लिटर नेझलवर ८५, रेस्पिरेशन ३४, तासाभरापूर्वी २६ होतं. पेंगायला लागलेत, पंजे फडफडतायत, बीपी १५० बाय ९०, नाडी १२४. मला कार्बन डायऑक्साइड वाढल्यासारखं वाटतंय. तुम्ही येऊन बघा, एबीजीची सिरिंज तयार ठेवते.’ रेस्पिरेशन ३० च्या वर किंवा १० च्या खाली, फ्लो वाढवूनही ८८ गाठत नाही, वाक्य पूर्ण होत नाही, शुद्ध बदलली, किंवा धाप तशीच असून छातीतली घरघर एकदम ऐकू येईनाशी झाली, यांतलं एकही असेल तर फोन करायचाच. घरघर थांबली म्हणजे बरं वाटलं असं नसतं. हवाच आत जात नसेल तर आवाज कुठून येणार?

एबीजी काढताना रुग्ण तेव्हा किती ऑक्सिजनवर होता ते स्लिपवर लिहा, नाहीतर रिपोर्टचा अर्थ लागत नाही. ऑक्सिजन बदलल्यानंतर अर्धा ते एक तास गेल्यावर नमुना घ्यावा. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा लगेच काढून टाका, आणि टोचल्या जागी किमान ५ मिनिटं घट्ट दाबा, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आणखी. पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ च्या वर असेल तर बहुधा बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला आधार देणारं यंत्र) लागतो. बायपॅपवरच्या रुग्णाजवळ पहिला तासभर बसावं लागतं, त्याला पर्याय नाही. मास्क आधी हाताने तोंडावर धरा, श्वासाची लय जमू द्या, मग पट्टे बांधा. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. करकचून बांधलं तर नाकाच्या हाडावर एका रात्रीत जखम होते, तिथे आधीच हायड्रोकोलॉइडची पट्टी लावा. पोट फुगतंय का बघा. उलटीची भावना झाली तर मास्क आधी काढायचा, बाकी सगळं नंतर. पट्टा कसा सोडायचा हे रुग्णाला आणि नातेवाइकाला दाखवून ठेवा.

कफ हा या आजारातला दुसरा मोठा त्रास. खोकून दमणाऱ्या रुग्णाला आरशावर हाहा करतो तसा, तोंड उघडं ठेवून जोराने श्वास सोडायला शिकवा. दोन तीन असे श्वास, मग एक खोकला. कमी कष्टात बेडका सुटतो. श्वास सोडताना ओठ मिटून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा: दोन मोजेपर्यंत घ्या, चार मोजेपर्यंत सोडा. हार्ट किंवा किडनीचं बंधन नसेल तर कोमट पाणी घोट घोट देत राहा. कफाचा रंग आणि प्रमाण लिहा: पांढऱ्याचा पिवळा हिरवा झाला हे डॉक्टरांना हवं असतं.

सक्शन फक्त स्वतःला खोकता येत नाही त्याला, आणि छातीत कफ वाजतोय तेव्हाच. घड्याळ लावून दर दोन तासांनी करायची ती गोष्ट नाही. श्वासनलिकेत ट्यूब असलेल्या रुग्णात सक्शनच्या कॅथेटरची जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको: ८ नंबरच्या (८ मिलिमीटर) ट्यूबला १२ फ्रेंच, म्हणजे ४ मिलिमीटर. दाब ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्यावर ठेवा, यंत्राची नळी बोटाने बंद करून आधी तपासा. आधी अर्धा ते एक मिनिट ऑक्सिजन वाढवा. आत घालताना सक्शन बंद, बाहेर काढताना चालू, फिरवत, सगळं मिळून १० ते १५ सेकंदांत. त्या वेळी आपलाही श्वास रोखून धरा, म्हणजे किती वेळ झाला ते कळतं. नाडी एकदम मंदावली तर तिथेच थांबा, ती व्हेगस (हृदयाचा वेग कमी करणारी नस) चाळवल्याची खूण. एकच कॅथेटर आधी तोंडात आणि मग ट्यूबमध्ये घालायचा नाही.

रात्रीच्या नोंदीत ‘सॅच्युरेशन ९०’ असं एकटं कधीच लिहू नका. ‘२ लिटर नेझलवर ९०, रेस्पिरेशन २४, जागे, पूर्ण वाक्य बोलतात’ असं लिहा. त्या ९० ला अर्थ येतो तो त्या २ लिटरमुळे. तीन तासांनी ४ लिटरवर ९० असेल तर आकडा तोच आहे, पण रुग्ण बिघडलाय. फ्लो बदलल्यावर पाच मिनिटांनी बघा, मग अर्ध्या तासाने, मग स्थिर असेपर्यंत दर तासाला. सॅच्युरेशन ९२ च्या वर टिकलं तर फ्लो उतरवा. वाढवायला सगळे पुढे असतात, कमी करायला कोणी हात लावत नाही.

नातेवाइकांना दोन गोष्टी पहिल्याच तासात सांगा. नॉबला हात लावायचा नाही, कारण काकांना जास्त ऑक्सिजन विषासारखा चढतो. नुसतं ‘हात लावू नका’ म्हटलं तर पाठ वळताच नॉब फिरतो, कारण सांगितलं की थांबतात. दुसरं, कॉटजवळ उदबत्ती, दिवा, बिडी, काडेपेटी नको, आणि नाकाला व्हॅसलीन किंवा बाम चोळायचा नाही. नाक कोरडं पडलं तर पाण्यावर आधारित जेल लावा. मास्कवरच्या रुग्णाला जेवताना कॅन्युला लावा, ऑक्सिजन काढून चहा पाजू नका. पोटभर जेवण एकदम नको, पातळ खिचडी, पेज असं थोडं थोडं पाच सहा वेळा. कानामागे आणि नाकपुड्यांशी नळीने कातडी सोलवटते, दर पाळीत तिथे नजर टाका, कानामागे गॉजची घडी द्या. तोंड दर चार तासांनी स्वच्छ करा.

डिस्चार्जच्या वेळी इनहेलर घेऊन दाखवायला सांगा, ‘येतो का’ असं विचारू नका. घरी ऑक्सिजन लिहून दिला असेल तर दिवसाला किमान १५ तास, रात्रीची झोप त्यातच धरून. दम लागला की पाच मिनिटं, असा तो वापरायचा नसतो. चुलीपासून आणि गॅसच्या शेगडीपासून यंत्र आणि नळी दोन मीटर तरी दूर. चुलीच्या धुरानेच ज्या बाईला हा आजार झाला, तिला हे सांगताना स्वयंपाक आता कोण करणार हेही घरच्यांशी बोलून घ्या. वीज जाते त्या गावात बॅकअपचा सिलिंडर हवा. आणि डिस्चार्ज कार्डवर डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: ‘सीओपीडी, ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२.’ पुढच्या वेळी १०८ च्या गाडीत हे कार्ड सगळ्यात वर राहील असं घरच्यांना सांगून ठेवा.